बिनतारी संभाषणाचा श्रीगणेशा

सन १९९३ च्या गणेशोत्सवाची शेवटची रात्र. विसर्जन करून दमलेलीं माणसें नुकतींच कोठें निजलीं होतीं. ३० सप्टेंबरच्या पहांटे, चार वाजावयास थोडी मिनिटें असतां, जमीन हादरली. सोलापुरांतहि तो हादरा जाणवला व माणसें घराबाहेर धांवलीं. परंतु खरा अनर्थ घडला तो शेजारच्या लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत. किल्लारी, सास्तूर व भोंवतालच्या गांवीं दगडमातीचीं, जाड भिंतींचीं घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं, आणि जवळजवळ आठ हजार, कांहीं गणनांप्रमाणें त्याहूनहि अधिक, जीव गेले.

अशा प्रसंगीं पहिल्या कांहीं तासांत उणीव पडते ती अन्नाची वा औषधांची नव्हे. तीं धाडणारे हात पुष्कळ असतात. उणीव असते ती बातमीची. कोणत्या गांवीं किती माणसें ढिगाऱ्याखालीं आहेत, कोठें डॉक्टर हवा, कोणता रस्ता बंद आहे, हें सांगणारा कोणी नसला म्हणजे भरलेल्या मालमोटारी एकाच गांवीं जातात व दुसरें गांव वाट पाहत राहतें. किल्लारीच्या भूकंपानंतर बिनतारी यंत्रें घेऊन ज्यांनीं निरोप पोंचविण्याचें काम केलें, त्यांत सरकारी नोकर नसलेले, या कामाचा एक पैसाहि न घेणारे हौशी रेडिओचालक होते. यांनाच जगभर 'हॅम' या आटोपशीर नांवानें ओळखतात. असा चालक घडतो कसा, आणि एखाद्या सुशिक्षित घरांतील मुलानें, मुलीनें किंवा सेवानिवृत्त गृहस्थानें या विद्येचा श्रीगणेशा कसा करावा, हा येथें विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. आकाशवाणीच्या केंद्रावरून एक बोलतो व लक्षावधि ऐकतात. ऐकणाऱ्यास उत्तर देण्याची सोय नसते. दुतर्फा रेडिओंत प्रत्येक यंत्रास तोंडहि असतें आणि कानहि. मात्र टेलिफोनप्रमाणें दोघांस एकाच वेळीं बोलतां येत नाहीं. दोन्ही यंत्रें बहुधा एकाच लहरीवर लावलेलीं असतात. बटण दाबलें कीं यंत्राचा कान मिटतो व तोंड उघडतें, बटण सोडलें कीं तोंड मिटून कान उघडतो. अरुंद पाणंदींतून एका वेळीं एकच बैलगाडी जाऊं शकते, तसाच हा प्रकार. दोन गाड्या समोरासमोर घातल्या तर दोन्ही अडतात. दोघांनीं एकदम बटण दाबलें तर कोणाचेंच बोलणें कोणास कळत नाहीं. म्हणून आपलें बोलणें संपल्याची खूण करून वाट मोकळी करून देणें हा या विद्येचा पहिला शिष्टाचार होय.

घरोघरीं मोबाइल असतां या खटाटोपाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. मोबाइल हाहि रेडिओच आहे; परंतु तो थेट मित्राच्या मोबाइलशीं बोलत नाहीं, मनोऱ्याशीं बोलतो. पलीकडच्या गल्लींतल्या माणसाशीं बोलावयाचें तरी शब्द मनोऱ्यावर जाऊन, पुढें कंपनीच्या यंत्रणेंतून फिरून परत येतात. मनोरा पडला, त्याची वीज गेली, किंवा हजारों माणसें एकदम बोलूं लागलीं, कीं हातांतलें यंत्र सुस्थितींत असूनहि मुकें होतें. दुतर्फा रेडिओचीं दोन यंत्रें मध्यस्थावांचून, एका बॅटरीच्या बळावर, परस्परांशीं बोलूं शकतात. नित्याच्या दिवशीं ही सोय क्षुल्लक वाटते. आपत्तीच्या दिवशीं ती सर्वस्व ठरते.

परंतु आकाश ही सार्वजनिक विहीर आहे. जो तो वाटेल तसा पोहरा सोडूं लागला तर पाणी गढूळ होईल. पोलीस, विमानें, जहाजें, रेल्वे, आकाशवाणी या सर्वांस लहरींचे निरनिराळे पट्टे नेमून दिलेले आहेत. घरगुती वापरासाठीं फार थोड्या शक्तीच्या यंत्रांस भारतांत कांहीं पट्टे परवान्यावांचून मोकळे ठेवले आहेत. त्यांपैकीं एक २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा व दुसरा ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा होय. सहलीस गेलेल्या दोन मोटारींना किंवा शेतांतल्या बापलेकांना तेवढें पुरतें. ज्यास खरी विद्या शिकावयाची आहे त्यानें मात्र हौशी चालकाचा परवाना मिळवावा. त्यावांचून हौशी पट्ट्यांवर बटण दाबणें, मग तें केवळ चाचणीसाठीं कां असेना, हा कायद्यानें गुन्हा ठरतो. बाजारांत मिळणारीं कित्येक स्वस्त यंत्रें पोलिसांच्या लहरींवरहि बोलूं शकतात. दुकानदारानें विकलें म्हणून तें वापरणें कायदेशीर होतें असें नाहीं.

परवान्याचा हा कटाक्ष कोठून आला, हें इतिहासावरून कळतें. भारतांतील पहिला हौशी परवाना अमरेंद्रचंद्र गुप्तू यांस १९२१ सालीं मिळाला. १९३९ मध्यें महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी चालकांचे परवाने रद्द केले व त्यांचीं प्रक्षेपक यंत्रें ताब्यांत घेतलीं. कारण उघड होतें: ज्याच्या हातीं प्रक्षेपक त्याच्या हातीं सरकारच्या इच्छेविरुद्ध बोलण्याचें सामर्थ्य. तें भय खोटें नव्हतें, हें १९४२ सालीं मुंबईनें दाखवून दिलें. 'चले जाव' आंदोलनांत पुढारी तुरुंगांत पडले असतां, उषा मेहता व त्यांचे सोबती यांनीं ऑगस्टच्या अखेरीपासून काँग्रेस रेडिओ हें गुप्त केंद्र चालविलें. पोलिसांस माग लागूं नये म्हणून यंत्र घरोघरीं हलवीत त्यांनीं तें नोव्हेंबरपर्यंत टिकविलें. १२ नोव्हेंबर रोजीं धाड पडली व उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांची लहर ४२.३४ मीटरची होती. गणित केल्यास ती ७.०८ मेगाहर्ट्झच्या जवळ येते, म्हणजे आज हौशी चालकांस मोकळ्या असलेल्या ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत बरोबर बसते. ज्या लहरीवर बोलल्याबद्दल एका तरुणीस कारावास घडला, त्याच लहरीच्या आसपास आज शाळकरी मुलगी परवाना घेऊन उजळ माथ्यानें बोलूं शकते. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं महू येथील लष्कराच्या सिग्नल्स विद्यालयांत हौशी चालकांचा क्लब निघाला. १९५४ मध्यें तो दिल्लीस जाऊन 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' या नांवानें राष्ट्रीय संस्था झाला.

आतां लहरींच्या स्वभावाकडे वळूं या. लहरीची लांबी काढण्याचें गणित चौथीच्या मुलासहि येण्यासारखें आहे: तीनशेंस मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागावें, म्हणजे लांबी मीटरांत मिळते. ७ मेगाहर्ट्झची लहर सुमारें त्रेचाळीस मीटरांची, तर १४५ मेगाहर्ट्झची जेमतेम दोन मीटरांची. एरियलची लांबी लहरीच्या मानानें ठरते. दोन मीटरांच्या लहरीस चतुर्थांशाचा, म्हणजे हातभर लांबीचा दांडा पुरतो, म्हणून तीं यंत्रें मुठींत मावतात. त्रेचाळीस मीटरांच्या लहरीस अर्ध्या लांबीची, म्हणजे सुमारें वीस मीटरांची तार दोन खांबांमध्यें ताणावी लागते, आणि त्यासाठीं घराची गच्ची मोजावी लागते.

दोहोंचा प्रवासहि वेगळा. लांब लहर आकाशांत चढते, पृथ्वीभोंवतीं बऱ्याच उंचीवर असलेल्या विद्युन्मय थरावरून वळून पुन्हा जमिनीवर उतरते, आणि सोलापूरचा आवाज कलकत्त्यास, योग्य वेळ साधल्यास परदेशींहि, नेऊन टाकते. हा थर सूर्याच्या तेजानें बनतो व बदलतो. म्हणूनच ७ मेगाहर्ट्झवर दिवसां जवळचीं व रात्रीं दूरचीं केंद्रें ऐकूं येतात. आंखूड लहर मात्र बहुतेक नजरेसारखी सरळ जाते, आणि पृथ्वीची गोलाई आड आली कीं थांबते. तिचा पल्ला काढण्याचीहि रीत आहे: एरियलच्या उंचीचें मीटरांतील वर्गमूळ काढावें व त्यास सुमारें चारानें गुणावें, म्हणजे क्षितिजाचें अंतर किलोमीटरांत येतें. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातांतील यंत्रास असें पांच किलोमीटरांचें क्षितिज मिळतें. नऊ मीटर उंच गच्चीवरील एरियलास बारा किलोमीटरांचें. म्हणजे अशा दोन गच्च्या, मध्यें आडकाठी नसल्यास, चोवीस किलोमीटरांवरून बोलूं शकतील. सोलापूरचा सपाट माळ यास अनुकूल आहे. शहरांतील सिमेंटच्या उंच इमारती प्रतिकूल.

यावरून एक व्यावहारिक धडा निघतो. पल्ला वाढविण्यास यंत्राची शक्ति वाढविण्यापेक्षां एरियलची उंची वाढविणें अधिक फलदायी आहे. याच तत्त्वावर हौशी मंडळी डोंगरमाथ्यावर पुनःप्रक्षेपक बसवितात; तो खालून आलेला क्षीण आवाज ऐकून जोरानें पुन्हा सोडतो. त्याच तत्त्वाचा कळस म्हणजे इस्रोनें ५ मे २००५ रोजीं सोडलेला 'हॅमसॅट' उपग्रह. केवळ बेचाळीस किलोंच्या घरांतला हा उपग्रह २०१४ पर्यंत सहाशेंहून अधिक किलोमीटर उंचीवरून हौशी चालकांचे आवाज एकमेकांस पोंचवीत राहिला.

असें असलें तरी शिकाऊ माणसानें पहिला खर्च प्रक्षेपकावर करूं नये. पहिली पायरी श्रवणाची आहे, आणि ती टाळून वर चढलेला मनुष्य पुढें सर्वांस त्रासदायक होतो. लघुलहरींचा, हौशी चालकांचें बोलणें ऐकूं येईल असा एक ग्राहक सेट मिळवावा, दहा मीटर तार गच्चीवर ताणावी, आणि महिनाभर रोज ठरल्या वेळीं ऐकावें. पहिल्या संध्याकाळीं खरखर व शिट्ट्या यांपलीकडे कांहीं कळणार नाहीं. आठवड्यानें त्या खरखरींतून आवाज वेगळे होतील. पंधरवड्यानें कोण बोलावतो, कोण उत्तर देतो, कोण वाट पाहतो, हें उमजूं लागेल. जवळ एक वही असावी. तींत तारीख, वेळ, लहर, ऐकलेलें संकेतनाम व आवाजाची स्पष्टता लिहावी. वेळ भारतीय घड्याळाबरोबर जागतिक घड्याळाप्रमाणेंहि लिहावी. ती साडेपांच तास मागें असते. दुसऱ्यांचें खाजगी बोलणें चुकून कानीं पडल्यास तें बाहेर सांगूं नये, हा नियमहि याच काळांत अंगीं बाणवावा.

श्रवणाबरोबर परीक्षेची तयारी चालावी. परीक्षेचे दोन भाग असतात: एक विद्युत् व रेडिओ यांच्या मूलतत्त्वांचा, दुसरा नियम व कार्यपद्धतीचा. ज्यास दहावीचें पदार्थविज्ञान नीट आठवतें त्यास पहिला भाग भारी नाहीं. २००९ च्या दुरुस्त नियमांनीं परवान्याचे दोन वर्ग केले. मर्यादित वर्गास मोर्स लिपीची अट नाहीं. सर्वसाधारण वर्गास मिनिटास आठ शब्द या गतीनें मोर्स घेतां व देतां आलें पाहिजे. त्या नियमांप्रमाणें वयाचीं बारा वर्षें पुरीं झालेल्या मुलासहि परवाना मिळूं शकतो. मर्यादित वर्गाचें संकेतनाम 'व्हीयू-थ्री' व सर्वसाधारण वर्गाचें 'व्हीयू-टू' या अक्षरांनीं सुरू होतें. परवाना केंद्र सरकारचें दूरसंचार खातें देतें. नियमांत वेळोवेळीं बदल होत असल्यानें अर्ज करण्यापूर्वीं खात्याकडील चालू नियम पाहून घ्यावे.

मोर्स शिकणाऱ्यानें टिंबें व रेघा कागदावर पाठ करूं नयेत. ती डोळ्यांची लिपि नसून कानांची आहे. 'सी' हें अक्षर रेघ-टिंब-रेघ-टिंब असें न आठवतां 'डा-डि-डा-डिट' असें, तबल्याच्या बोलासारखें, कानांत बसलें पाहिजे. रोज पंधरा मिनिटें पुरीत; आठवड्यास एकदांच तीन तास बसण्याचा उपयोग नाहीं.

परवाना हातीं आल्यावर यंत्र घ्यावें, आणि तें लहान घ्यावें. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलणारा हातांतला सेट, एक जास्तीची बॅटरी, गच्चीवर लावण्यास साधा एरियल व चांगल्या प्रतीची केबल एवढ्यावर वर्ष सुखानें जाईल. एरियल जोडल्यावांचून बटण दाबूं नये. बाहेर न पडलेली शक्ति परत फिरून यंत्रासच जाळते. एरियल उभारतांना तो पडला तरी विजेच्या तारांवर पडणार नाहीं इतक्या अंतरावर असावा. सोलापुरांत वैशाखाच्या वळवाबरोबर विजा येतात. ढग दिसतांच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी.

मग तो पहिला दिवस येतो. पुष्कळांचा घसा या वेळीं कोरडा पडतो. रीत सोपी आहे. आधीं लहर रिकामी आहे कीं नाहीं तें ऐकावें. मग ती कोणी वापरीत आहे काय, असें विचारावें. उत्तर न आल्यास आपलें संकेतनाम स्पष्ट सांगून हांक द्यावी व बटण सोडून थांबावें. अक्षरें ऐकण्यांत घोटाळा होऊं नये म्हणून तीं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशा ठराविक शब्दांनीं सांगतात. व्यापार, जाहिरात, गाणीं व गुप्त सांकेतिक भाषा यांस हौशी लहरींवर मज्जाव आहे. भाषेची अडचण 'क्यू'नें सुरू होणाऱ्या तीन अक्षरी खुणांनीं दूर केली आहे. 'क्यू-टी-एच' म्हणजे ठिकाण, 'क्यू-एस-एल' म्हणजे निरोप पोंचल्याची पावती, हें जपानपासून ब्राझिलपर्यंत सर्वांस कळतें. मराठी, तेलुगू व कानडी एकाच पेठेंत ऐकणाऱ्या सोलापूरकरास अशा सामाईक बोलीचें मोल निराळें सांगावयास नको.

या सर्व अभ्यासाचा शेवट एका गोष्टींत होतो: निरोप नेमका सांगणें. २०२५ च्या सप्टेंबरांत सीना नदीस महापूर आला व सोलापूर जिल्ह्यांतील कित्येक गांवांस पाण्यानें वेढलें. अशा वेळीं घाबरलेला मनुष्य म्हणतो, "पाणी फार चढलें आहे, लौकर मदत धाडा." या वाक्यांत कळकळ आहे, पण उपयोगाचा एकहि शब्द नाहीं. शिकलेला चालक म्हणेल, "वेळ सायंकाळीं पांच. अमुक तालुका, अमुक गांव, शाळेची गच्ची. माणसें बावीस, त्यांत लहान मुलें सहा, बाळंतीण एक. पुलाकडील वाट बंद. होडी व पिण्याचें पाणी हवें." ऐकणारा हा निरोप शब्दशः परत वाचून दाखवितो, आणि मगच तो पोंचला असें समजतात. बाविसांचे बारा झाले तर दहा माणसें गच्चीवर राहतील. म्हणून परत वाचण्याचा कंटाळा करावयाचा नसतो.

ही संवय ऐन वेळीं लागत नाहीं, याचें मोठें उदाहरण अंदमानांत घडलें. २००४ च्या डिसेंबरांत हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथें गेल्या होत्या. हेतु निव्वळ हौसेचा होता: अंदमानांतून फार वर्षांत हौशी केंद्र चाललें नव्हतें, तें चालवून जगभरच्या हॅमांशीं बोलावयाचें. २६ डिसेंबरच्या सकाळीं भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र चढला व नित्याचें दळणवळण कोलमडलें. आदल्या दिवसापर्यंत जें केंद्र हौसेचीं संभाषणें करीत होतें, तेंच त्या दिवशीं बेटांचा बाह्य जगाशीं दुवा झालें. माणसें सुखरूप असल्याचे, मदत हवी असल्याचे, नातेवाइकांच्या शोधाचे निरोप त्याच यंत्रावरून गेले. यंत्र नवें नव्हतें, माणसें नवीं नव्हतीं. काम तेवढें बदललें, आणि हात व कान तयार होते.

म्हणून हा छंद ज्याच्या घरीं येईल त्यानें शेजारच्या आणखी एका घरास त्यांत ओढावें. एकट्याचा दुतर्फा रेडिओ म्हणजे एका हाताची टाळी. दोन घरांनीं आठवड्यांतून एक वार व एक वेळ ठरवावी, दिवे बंद करून केवळ बॅटरीवर दहा मिनिटें बोलावें, एकमेकांस पंचवीस शब्दांचा निरोप द्यावा व परत वाचून घ्यावा. ही दहा मिनिटें चुकूं देऊं नयेत. पुढें कधीं अपरात्रीं जमीन हादरली किंवा नदी चढली, तर ठरल्या लहरीवर दुसऱ्या बाजूस कोणीतरी ऐकत असेल.